गावकरी, तळे आणि देवराई : गोमंतकीय ग्रामसंस्थेचे एक विस्मृत कार्य

तिसवाडीतील करमळी गावचा ब्रह्मदेव आज करमळीस नाही. सोळाव्या शतकात गोवा बेटावरील देवालयांवर फिरंगी राजसत्तेचा घाला पडला, तेव्हा भाविकांनी ही मूर्ती बेटाबाहेर नेली आणि सत्तरीच्या रानात, नगरगावच्या परिसरात तिची स्थापना केली. देवाबरोबर गावाचे नावही गेले आणि त्या स्थानास ब्रह्मकरमळी म्हणू लागले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. हा स्थलांतराचा इतिहास प्रत्येक महाजन घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो व तो तसाच सांगितला जावा.

परंतु त्या रात्री जे नेता आले नाही, त्याचा विचार आपल्या इतिहासलेखनात क्वचितच होतो. मूर्ती पालखीत घालून नेता येते. तळे नेता येत नाही, बांध नेता येत नाही, राईतील वृक्ष नेता येत नाहीत. मागे राहिलेल्या ह्या ठेव्याचे पुढे काय झाले, तो कोणी राखला आणि त्याच्या आधाराने जगणारे पशुपक्षी आजवर कसे तगले, ह्या प्रश्नांची उत्तरे शोधू जाता गोमंतकाच्या ग्रामसंस्थेचे एक विस्मृत कार्य दृष्टीस पडते.

गावकरीची घडण

गोमंतकातील देवालयांचा उगम गावकरीत आहे, हे महाजनांस नव्याने सांगावयास नको. गावाची जमीन मुळात कोणा एकाची नव्हती. ती वांगडांत विभागलेल्या गावकऱ्यांच्या समुदायाची होती. ह्या समुदायाने राजाचा कर भरावयाचा, बांध-बंदिस्ती व पाट दुरुस्त ठेवावयाचे, देवालयाचा खर्च चालवावयाचा, देवाच्या सेवेकऱ्यांना नमशीच्या जमिनी लावून द्यावयाच्या आणि उरलेले उत्पन्न जोण म्हणून वाटून घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. अफोंसो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी दिलेल्या फोरालमध्ये तिसवाडीतील गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क व चालीरीती नमूद झाल्या. त्यात बेटावरील जी आठ मुख्य गावे सांगितली आहेत, त्यांत करमळी हे एक आहे. चार पुरुषांनी येऊन ओसाड बेट लागवडीस आणले, अशी गावकरीच्या उगमाची लोकपरंपराही त्या दस्तऐवजाच्या आरंभी दिलेली आहे. म्हणजे फिरंगी येण्यापूर्वीच ही संस्था इतकी जुनी झाली होती की, तिच्या आरंभाची केवळ कथाच उरली होती.

ह्या संस्थेने राजसत्ता अनेक पाहिल्या. कदंबांचे राज्य लयास गेले. १३४७ मध्ये गुलबर्ग्यास स्थापन झालेल्या बहामनी राज्याचा अंमल कोकणपट्टीवर आला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या वतीने माधव मंत्र्याने गोवा सोडवून घेतला. १४७२ मध्ये बहामनी राजधानी बिदर येथील वजीर महमूद गावान याने तो पुन्हा जिंकला. त्यानंतर विजापूर आणि १५१० मध्ये लिस्बन. कराची रक्कम कोठे पाठवावयाची तेवढे बदलत गेले. बांध फुटला तर तो कोणी बांधावयाचा, ह्याचे उत्तर मात्र बदलले नाही. ते उत्तर नेहमी ‘गावाने’ असेच होते.

खाजन आणि मानगे

गोमंतकातील खाजन शेती हे ह्या सामुदायिक व्यवस्थेचे सर्वांत मोठे स्मारक होय. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आढळतो. त्यावरून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीही भरतीच्या पाण्यापासून जमीन सोडवून घेण्याचे हे तंत्र येथे अवगत होते, असे दिसते. राज्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचे मानण्यात येते.

खाजनाची रचना मोठ्या विचाराने केलेली आहे. नदीच्या अंगाला चिखल, पेंढा व जांभ्या दगडाचा बांध असतो. बांधाच्या बाहेर खारफुटीची झाडे राखलेली असतात. ती लाटांचा मार अंगावर घेतात. बांधात ठराविक जागी मानस बसविलेली असते. भरती चढू लागली की, पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की, आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते. आत सखल भागी पोय असते, तेथे जादा पाणी साठते. पावसाच्या पाण्याने जमिनीतील खारटपणा धुऊन निघाला की, कोरगुट, आझगो अशा खारे पाणी सोसणाऱ्या भाताची पेरणी होते.

ही सर्व योजना मनुष्याच्या अन्नासाठी होती, यात संशय नाही. परंतु तिच्या योगाने खारफुटीत मासळीची व झिंग्यांची पैदास होत राहिली, पोयीत बगळे व खंड्या उतरत राहिले आणि मांडवी व जुवारी ह्या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरींना आसरा मिळाला. मगरीस गोमंतकात ‘मानगे’ म्हणतात. फोंडे महालातील बोरी येथे पौष अमावास्येस ‘मानगे थापणी’ होते. त्या दिवशी शेतकरी खाजनात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. ज्या प्राण्याचे भय वाटते, त्याला ठार मारण्याऐवजी शेताचा राखणदार मानून वर्षातून एक दिवस त्याची पूजा बांधणे, ही साधी गोष्ट नव्हे. वन्यजीवांच्या रक्षणाचा केंद्रीय कायदा भारतात १९७२ मध्ये झाला. ह्या बांधांवर त्या रक्षणाची रीत त्यापूर्वीच रूढ झालेली होती.

करमळीचे तळे

आता पुन्हा करमळीकडे वळणे प्राप्त आहे. देव गेला, तरी गावचे विस्तीर्ण तळे राहिले. बेटावरील देवालये १५४०-४१ च्या सुमारास पाडली गेल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. अनेक घराणी देवामागे परमुलखात गेली. अनेकांनी नवा धर्म पत्करला व ती गावातच राहिली. अशा रीतीने तिसवाडी, सासष्टी व बारदेशातील कित्येक गावांच्या वारशाचे दोन भाग झाले. देवाचा वारसा महाजनांच्या रूपाने अंत्रुज, सत्तरी, डिचोली येथे गेला आणि भूमीचा व पाण्याचा वारसा कोमुनिदाद ह्या नव्या नावाने मूळ गावी राहिला. धर्म दोन झाले, तरी पाणी वाटण्याची रीत एकच राहिली, ही गोष्ट दोन्हीकडच्या वंशजांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

गोमंतकातील अशा तळ्यांचा क्रम सामान्यतः ठरलेला असे. पावसाचे पाणी अडवावयाचे आणि पावसाळा सरल्यावर ते खालच्या वायंगण शेतांस टप्प्याटप्प्याने सोडावयाचे. पाणी सोडण्याचा दिवस, दाराची देखभाल, मासळीची पावणी ह्या बाबी समुदायाच्या निर्णयाने होत. पाणी उतरू लागले की, काठाशी उथळ दलदल तयार होते, पाणवनस्पतींची बीजे, शिंपले व किडे उघडे पडतात आणि नेमका तोच काळ उत्तरेकडून हिवाळी पाहुणे येण्याचा असतो. शेतीसाठी केलेली ही पाण्याची उतरण पक्ष्यांच्या पथ्यावर पडत आली. करमळीच्या तळ्यावर अडई, काणूक, तलवार बदक, थापट्या, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी यांचे थवे पाहण्यास देशोदेशीचे पक्षिनिरीक्षक येत राहिले, त्याचे मूळ ह्या जुन्या शिस्तीत आहे. सासष्टीतील कुडतरी गावची तळी, तसेच कुडचडे येथील नंदा तळे ही अशीच शेतीशी निगडित पाणस्थळे होत. नंदा तळ्यास २०२२ मध्ये रामसार यादीत स्थान मिळाले आणि जागतिक महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता पावलेले ते गोव्यातील पहिले स्थळ ठरले.

निरंकाराची राई

देव ज्या सत्तरीत गेला, तेथे त्याला रानाचा शेजार लाभला. नगरगावच्या परिसरातच बांबर येथे निरंकाराची राई आहे. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही असा देव. ह्या राईत पाणी साचून राहते आणि त्या चिखलात जायफळाच्या कुळातील वृक्ष उभे आहेत. चिखलात मुळांना वारा मिळत नाही, म्हणून ह्या वृक्षांची मुळे गुडघ्याप्रमाणे वाकून जमिनीबाहेर डोकावतात. अतिप्राचीन काळी सह्याद्रीच्या पायथ्याशी अशा गोड्या पाण्याच्या दलदली पुष्कळ असाव्यात. सपाट व पाणथळ जागा भातशेतीस सोयीची असल्यामुळे त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या आणि केरळ, कर्नाटक, गोवा व महाराष्ट्रात मोजक्याच ठिकाणी त्या उरल्या. बांबर येथील दलदल उरली, ती देवाची म्हणून. सत्तरीच्या सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथेही अशीच दलदल कानळाच्या राईत टिकून राहिली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली.

देवराईचा नियम सर्वत्र जवळपास सारखाच आढळतो. राईतील झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाही, शिकार करावयाची नाही, पडलेले लाकूडही देवाच्या कामाखेरीज न्यावयाचे नाही. काही अपरिहार्य झाल्यास देवाला कौल लावावयाचा व त्याच्या आज्ञेने वागावयाचे. सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी केला व १९७६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना मूळ अरण्याचे अवशेष देवरायांत शिल्लक आहेत आणि गावाचा झरा पुष्कळदा ह्याच राईतून निघतो, हे त्यानंतर विद्वानांच्याही लक्षात आले. राईतील जुन्या ढोलीत धनेशाचे घरटे असते, वटवृक्षावर वटवाघळांची वसती असते आणि हेच जीव फळांचे बी दूरवर टाकून रानाची पेरणी करतात. राई राखणाऱ्या गावकऱ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हते. राई तोडली तर झरा आटतो, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.

बिदर-गुलबर्ग्याचा दाखला

गावाने राखलेल्या व राजाने निर्मिलेल्या वस्तूंच्या आयुष्यातील भेद समजण्यास एकेकाळी गोव्यावर सत्ता गाजविलेल्या बिदरचाच दाखला उपयुक्त ठरतो. बिदरचे पठार गोमंतकाप्रमाणेच जांभ्या दगडाचे आहे. पंधराव्या शतकात तेथे इराणी पद्धतीच्या भूमिगत जलवाहिन्या खोदण्यात आल्या. नौबाद येथील अशा वाहिनीस लोक सुरंग बावी म्हणतात. जमिनीखालचे पाणी उताराने दूरवर नेणारी व जागोजागी उभ्या विहिरींनी हवा-उजेड घेणारी ही रचना कौशल्यात आपल्या मानशीहून तसूभरही कमी नाही. परंतु ती राजधानीसाठी होती. राज्य लयास गेल्यावर तिची निगा घेणारे कोणी उरले नाही, ती गाळाने बुजली आणि एकविसाव्या शतकात अभ्यासकांनी व प्रशासनाने लक्ष घातल्यावरच तिचा गाळ निघू लागला.

त्याच बिदर नगरीत झरणी नरसिंहाचे स्थान आहे. महाराष्ट्र व मराठवाड्यातील असंख्य कुळांचे भाविक तेथे जातात. जांभ्यातील लांब बोगद्यात कमरेपासून छातीपर्यंत पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावयाचे असते आणि माथ्यावर वटवाघळे लटकत असतात. तो झरा व ती वसती भाविकांच्या येण्याजाण्यातही टिकून राहिली. राजाची जलवाहिनी बुजली, देवाचा झरा वाहता राहिला. कारण एकाला मालक होता आणि दुसऱ्याला भक्त होते.

पूर्वी गुलबर्गा म्हणविणाऱ्या कलबुर्गी जिल्ह्यात, बिदरच्या सीमेलगत चिंचोळीचे रान आहे. लांडगा, तरस, काळवीट यांचे हे आश्रयस्थान २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या आत व भोवती लमाणी तांडे आणि गावे आहेत. शासनाने रेषा आखली हे योग्यच झाले. तथापि ती रेषा दीर्घकाळ टिकावयाची, तर तांड्यातील मनुष्याला ते रान आपले वाटले पाहिजे. सत्तरीतही १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य घोषित झाले आणि तेथेही प्रश्न हाच आहे.

ऱ्हासाची कारणे

ह्या जुन्या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. गावकरीत मान व जोण गावकऱ्याच्या पुत्रास मिळे. कन्येस व सुनेस मत नव्हते. गुडघाभर चिखलात उभे राहून ज्यांनी बांध घातले, त्या गावडे, कुणबी व इतर कष्टकरी समाजांस निर्णयात वाटा क्वचितच होता. १९३३ च्या महाजनकीच्या कायद्यानेही महाजनांच्या वहीत पुरुषांचीच नावे चढविली. देवाच्या भयाने राई राखली गेली, तशीच त्या भयाच्या आड माणसामाणसांतील अंतरेही राखली गेली, हे मान्य करावयास हवे.

म्हणून मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा आला व १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारास जमिनीची मालकी मिळाली, हे न्यायाचेच झाले. परंतु त्या न्यायाबरोबर एक मोठी जबाबदारी निराधार झाली. कोमुनिदादीचे शेतीचे उत्पन्न गेले व तिच्यापाशी बांधाला लावण्यास पैसा उरला नाही. १९७५ च्या नियमांनी ते काम कुळांच्या संघटनांकडे आले. कित्येक गावी ह्या संघटनांना भातापेक्षा मानशीवरील मासळीच्या पावणीचे उत्पन्न अधिक वाटू लागले. मासळीसाठी मानस उघडी ठेवली की, खारे पाणी शेतात येते. शेत पडीक पडले की, बांधाकडे पाहण्याची इच्छा राहात नाही. आणि बांध फुटला की, पडीक शेतावर भराव घालून इमारत उभी करण्यास निमित्त मिळते. नव्वदीच्या दशकात कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून व करमळीच्या तळ्यालगतून गेला, तेव्हा गोमंतकात मोठा वाद उसळला. त्या वादात रेल्वेच्या बाजूचे व विरोधाचे असे दोन्ही पक्ष प्रबळ होते. तळ्याच्या बाजूने अधिकारवाणीने बोलेल, अशी जुनी गावकरी मात्र तेव्हा उरली नव्हती.

राईच्या नाशाचे कारण निराळे आहे व ते देवस्थानांच्या अधिक जवळचे आहे. झाडाखालची पाषाणरूप देवता मोठ्या मंदिरात आली की, झाडाची गरज संपली असे वाटू लागते. सभामंडपास जागा हवी, वाहनतळास जागा हवी, काजूच्या लागवडीस जागा हवी. आणि ह्या सर्व गरजा राईच्या अंगावरूनच भागविल्या जातात. जुन्या तळीला सर्व बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला की, ती देखणी दिसते. पण तिच्या झऱ्याचे तोंड बुजते व दगडांच्या सांदीत राहणारी बेडके, खेकडे आणि मासे नाहीसे होतात. हे काम परक्या सत्तेने केलेले नाही. ते भक्तिभावाने, वर्गणी गोळा करून केले जाते, म्हणूनच त्याची खंत वाटत नाही.

महाजनांचा वारसा

गावकरीचा भूमीवरील अधिकार पुष्कळसा संपला असला, तरी महाजनांचा देवालयावरील व देवालयाच्या मालमत्तेवरील अधिकार १९३३ च्या कायद्यानुसार चालत आला आहे. कार्यकारी समिती आहे, वही आहे, वार्षिक सभा आहे. तळी, झरा, राई, कुळागर ही देवाची मालमत्ता आहे आणि तिचा हिशेब ठेवणे हे दागिन्यांचा हिशेब ठेवण्याइतकेच समितीचे कर्तव्य आहे. देवाच्या अलंकारांची यादी प्रत्येक देवस्थानात आहे. राईतील वृक्षांची, तळीतील माशांची, झऱ्याच्या पाण्याची यादी मात्र क्वचितच कोठे असेल.

अशी यादी करावयास शासनाची परवानगी लागत नाही. राईची हद्द मोजून वहीत नोंदविणे, तळीची दुरुस्ती जांभ्याच्या कोरड्या बांधणीने करणे, तळीत धुण्याची पूड व निर्माल्य जाऊ न देणे, नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी त्याखाली कोणते झाड येते ते सभेपुढे सांगणे, ही कामे लहान आहेत. राईला अधिक भक्कम संरक्षण हवे असल्यास २००२ च्या जैवविविधता कायद्याने वारसा स्थळाची वाट मोकळी केलेली आहे. डिचोली तालुक्यातील सुर्ला येथील पुर्वतळी राईला असा मान मिळालेला आहे. मात्र हे कार्य करताना जुनी चूक पुन्हा होऊ नये. राईच्या काठी राहणारी, तिची खरी राखण करणारी गावडे-कुणबी कुटुंबे, तसेच महाजन घराण्यांतील लेकी-सुना ह्यांना त्या सभेत बसण्यास व बोलण्यास जागा हवी. ज्यांचे हात बांधावर आहेत, त्यांचे मतही बांधावर चालले पाहिजे.

मूळ गावांशी असलेले नातेही ह्या निमित्ताने उजळावयास हरकत नाही. पुष्कळ महाजन कुटुंबे वर्षातून एकदा मूळ स्थानी जाऊन देवाच्या जुन्या जागेस नारळ ठेवून येतात. त्याच फेरीत गावच्या तळ्याची व बांधाची स्थिती पाहावी. तेथील कोमुनिदादीच्या गावकऱ्यांस भेटावे. त्यांचे व महाजनांचे पूर्वज एकाच वांगडाचे असू शकतात, आणि साडेचारशे वर्षे पाण्याची राखण त्यांनी केलेली आहे.

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात आणि ब्रह्मकरमळीच्या शेजारी निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातील वृक्ष चिखलात गुडघे रोवून उभे आहेत. एकाच ग्रामदेवतेच्या नावाशी जोडलेली ही दोन स्थाने, एक पाण्याचे व एक रानाचे, दोन निरनिराळ्या समाजांनी राखून ठेवली. तो ठेवा पुढील पिढीच्या हाती अखंड सोपविण्याची बुद्धी व बळ श्रींनी सर्व महाजनांस द्यावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.